बालकांचे मुके दुखणे

पाच-सहा वर्षांचे मूल दिवसा कपडे ओले करू लागले, किंवा त्याच्या चड्डीला वारंवार शौचाचे डाग दिसू लागले, की आपल्या घरांतून पहिला उपाय होतो तो धपाट्याचा आणि दुसरा गंड्यादोऱ्याचा. मूल आळशी आहे, हट्टी आहे, असा निवाडा देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. वैद्यकशास्त्राचा निवाडा मात्र अगदी निराळा आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय आकुंचन पावते तेव्हा ही झोळी सैल पडावी, हा निसर्गाचा नियम. परंतु शाळेतील स्वच्छतागृह घाणेरडे असेल, दाराला कडी नसेल किंवा गुरुजी वर्गाबाहेर सोडत नसतील, तर मूल तासन् तास लघवी दाबून धरते. शौचाला दुखते म्हणून तेही टाळते. हळूहळू ते स्नायू आवळलेलेच राहू लागतात. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, साचलेल्या लघवीत जंतुदोष होतो; साठलेला कठीण मळ मूत्राशयावर दाब आणतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो. ज्याबद्दल मुलाला मार बसतो, ते मुलाला समजतही नसते.

यावरील उपचार स्नायूंच्या शिक्षणाचा आहे. अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामांवर लिहिले, ते प्रामुख्याने बाळंतपणानंतर स्नायू सैलावलेल्या स्त्रियांसाठी. मुलांत बहुधा उलट शिकवावे लागते: आवळणे नव्हे, सैल सोडणे. आधी बद्धकोष्ठ दूर करावयाचे. दर दोन-तीन तासांनी, घाई न करता लघवीस बसवावयाचे. पाय लोंबकळू न देता टेकवावयाचे. फुंकर मारण्याच्या खेळातून पोट व तळ सैल सोडण्यास शिकवावयाचे. मोठ्या रुग्णालयांत स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखविणारी यंत्रे असतात. परंतु पुष्कळसे काम यंत्राविनाही होते. केवळ रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा, आणि लघवी सतत ठिबकणे, पायांत अशक्तता, रक्त जाणे किंवा एकाएकी तहान वाढणे ही लक्षणे दिसल्यास आधी डॉक्टरांकडे धाव घेतली पाहिजे.

या उपचारात जे सांगावयाचे ते मुलाला त्याच्या भाषेत उमजले पाहिजे. लाजेने अर्धमेले झालेले पोर परक्या भाषेत आपल्या शौचाविषयी बोलणार कसे? म्हणूनच आम्हांस आदिलाबादकडे पाहावेसे वाटते. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा जिल्हा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. पलीकडच्या गावांतील मराठी भाषक तेथेच राहिले. आज तो तेलंगणात आहे. तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा बोली तेथे शेजारी नांदतात. उटनूर परिसरातील आश्रमशाळांत आदिवासी मुले आईबापांपासून दूर, एकत्र झोपतात. तेथे ओले अंथरूण लपविण्यास जागा नसते, आणि अपमान सोसवेना की मूल शाळेलाच पाठ फिरवते.

कुपोषणाशी झुंजणाऱ्या मुलखात हे लाड कशाला, असा प्रश्न कोणी करील. मात्र वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुदोष मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो, आणि सुटलेली शाळा सहसा परत मिळत नाही. त्या मानाने खर्च अल्प आहे. आदिलाबादेत २००८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे या विषयात तयार केलेला एक फिजिओथेरपिस्ट आणि त्याच्याजवळ मराठी व गोंडी जाणणारी एक सेविका असेल, तर सुमारे ३०० किलोमीटरवरील हैदराबादची वाट पुष्कळ मुलांना धरावी लागणार नाही.

केंद्र शासनाने २०१३ साली राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. परंतु त्याच्या मूळ यादीतील ३० व्याधींत या दुखण्यास स्थान नाही. तपासणीच्या वेळी लघवी-शौचाविषयी दोन प्रश्न विचारावयास कोणती यंत्रसामग्री लागते? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली आहेत. त्यांना पाणी व कडी असणे हा या रोगाचा प्रतिबंधच होय, याचे भान शाळाचालकांनी ठेवावे.

आदिलाबाद आपल्या किनाऱ्यापासून दूर असले, तरी ही शरम दूरची नाही. मांडवीकाठच्या घरांतही अशी मुले आहेत, आणि तीही गप्प आहेत. शासनाने माणूस व जागा द्यावी, शिक्षकांनी लघवीची रजा मागणाऱ्या मुलाला अडवू नये, आणि आईबापांनी उगारलेला हात खाली घ्यावा. यांतील शेवटच्या दोन गोष्टींसाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.