तेंदूच्या हंगामातलं पाळणाघर

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई यांस

महोदया,

एप्रिल सरत आला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-नागभीडकडच्या गावांत पहाटे चारलाच चुली पेटतात. ऊन चढायच्या आत जंगलातून तेंदूपत्ता आणायचा, दुपारभर ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सांजेला फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. वर्षाकाठी हाती पडणारा मोठा रोख पैसा याच दोन-तीन आठवड्यांचा, त्यामुळे अंगावर पाजणारी बाईही घरी थांबत नाही. लेकरू आजीजवळ ठेवायचं; आजी नसेल तर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर द्यायचं. तेही जमलं नाही तर पाठीशी बांधून सोबत न्यायचं. २०२५ च्या मे महिन्यात याच सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते जंगल हे.

आपल्या विभागाकडे यावर योजना आहे, म्हणून हे पत्र. २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' सुरू आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, रोज साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. बारमाही नोकरी करणाऱ्या आईसाठी हे माप बरोबर आहे. आमच्याकडे मात्र मुलाला सांभाळणारं माणूस मोहफुलं, तेंदू आणि रोवणी या तीन वेळांना लागतं, आणि तेही पहाटेपासून. दहाच्या सुमारास दार उघडलं तर तोवर पानं तोडून झालेली असतात. 'पाळणा'तली अंगणवाडीला पाळणाघर जोडायची कल्पना चांगली, पण ऐन मे महिन्यात अंगणवाडीच्या सुट्ट्या लागतात.

आता मान्यतेचं आणि पैशाचं. मूल सुरक्षित राहावं म्हणून घातलेल्या अटी वेगळ्या आणि अनुदान कोणाच्या खात्यावर जायचं हे ठरवणाऱ्या अटी वेगळ्या. पाणी, शौचालय, धुराशिवायची जागा, सांभाळणाऱ्या बाईचं प्रशिक्षण यांत काडीचीही सूट नको. गरिबाच्या लेकराला कमी सुरक्षा चालते असं कोणी म्हणू नये. फाईल मात्र अडते ती दुसऱ्या प्रकारच्या अटींवर. पाळणाघरांच्या आधीच्या राष्ट्रीय योजनेत २०१७ पासून केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के अशी वाटणी होती. सेविकेला महिन्याला ३,००० रुपये, मदतनिसाला १,५००. तालुक्यातल्या लहान संस्थेने तो दहावा हिस्सा आणायचा कुठून? उपयोगिता प्रमाणपत्र लांबलं की पुढचा हप्ता थांबायचा आणि पहिली झळ त्या तीन हजारांना लागायची. देशात एकेकाळी अशी २३ हजारांवर पाळणाघरं होती. २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आसपास आली. मुलं काही कमी झाली नव्हती.

एक विसंगती सांगायलाच हवी. आमच्या बाया तोडतात ती पानं बिडी कारखान्यात जातात, आणि ठरावीक संख्येपुढे बाया कामाला असल्या की कारखान्यात पाळणाघर हवंच, अशी सक्ती १९६६ च्या कायद्याने केली. त्याच वर्षी खाणींसाठीही पाळणाघरांचे नियम झाले. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की एका बाईला त्यांच्याजवळ बसवून पूर्ण मजुरी देण्याची सोय केली, आणि त्यासाठी संस्थेची नोंदणी मागितली नाही. तेंदूच्या जंगलाला मात्र यातलं काहीच लागू नाही.

ही जबाबदारी घेऊ शकेल अशी यंत्रणा गावात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आज गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, ठेकेदाराशी करार करतात, मजुरी वाटतात. लाखोंचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रामसभेला पंचवीस लेकरांच्या खिचडीचा हिशेब जमणार नाही का? शासनाचीच अमृत आहार योजना गावच्या आहार समितीच्या हातून चालते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आयांनी पाळीपाळीने 'फुलवारी' नावाची पाळणाघरं सांभाळली आहेत.

म्हणून मागणं एवढंच. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत पाळणाघराचा अर्ज ग्रामसभेला करू द्या आणि तिच्याकडून वाट्याची रक्कम मागू नका. हंगामी पाळणाघराला मान्यता द्या. पहाटे चारला उघडायची मुभा द्या. तपासणी जरूर करा, पण ती हंगामात, मुलं हजर असताना व्हावी. आणि तपासणीत कागद अपुरे निघाले तर ग्रामसभेला नोटीस द्या, सेविकेचं मानधन त्या महिन्याला तिच्या खात्यावर जाऊ द्या. काम तिने केलेलं असतं, कागद तिचे नसतात.

हंगामाला उशीर चालत नाही. शासन निर्णय जानेवारीत निघाला तर फेब्रुवारीत बाया निवडता येतील, आणि मार्चमध्ये मोहफुलं वेचून आल्यावर दुपारी त्यांचं प्रशिक्षण उरकता येईल.

कळावे,
सिंदेवाही तालुक्यातील एक रहिवासी