कॅमेरे अनेक, वाट एकच

मैदानावरील सामना हवा त्या कॅमेऱ्यातून पाहण्याची सोय आता मोबाइलवर आली आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये तेव्हाच्या ‘जिओसिनेमा’ने सामने विनामूल्य दाखवताना प्रेक्षकाला कॅमेरा निवडण्याची मुभाही दिली. अंतिम सामन्याच्या वेळी या सेवेवर एकाच क्षणी सुमारे ३ कोटी २० लाख प्रेक्षक होते. (ही सेवा २०२५ मध्ये ‘जिओहॉटस्टार’मध्ये विलीन झाली.) मात्र सामना विनामूल्य असला, तरी तो घरापर्यंत आणणारा डेटा विनामूल्य नसतो.

सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने येणारे एक चित्रण तासाभरात १.८ गिगाबाइट डेटा खाते. चार कॅमेऱ्यांची चित्रणे एकदम मागवली, तर हा आकडा ७.२ गिगाबाइटवर जातो. दिवसाला दीड गिगाबाइटचा प्रीपेड पॅक त्यात पाव तासही पुरणार नाही. त्यामुळे ही बँडविड्थ वाचवायची कशी, हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

पहिला मार्ग पुनरावृत्ती टाळण्याचा. शेजारी असलेल्या दोन कॅमेऱ्यांना दिसणारे दृश्य बरेचसे सारखे असते. म्हणून एक दृश्य पूर्ण पाठवून दुसऱ्यातील केवळ फरक पाठवला जातो. ‘एच.२६४’ या मानकात २००९ मध्ये ही सोय झाली. त्रिमितीय ब्लू-रे चकतीत याच पद्धतीमुळे दुसऱ्या डोळ्याच्या दृश्यासाठी दुप्पट नव्हे, तर साधारण दीडपट माहिती पुरते. परंतु यष्टीतील कॅमेरा आणि सीमारेषेवरील कॅमेरा यांच्या दृश्यांत साम्यच थोडे असते. तेथे ही युक्ती फारशी चालत नाही.

दुसऱ्या मार्गात मोजकीच दृश्ये आणि त्यांतील वस्तूंच्या अंतराची माहिती पाठवतात. मधली दृश्ये प्रेक्षकाचे उपकरण स्वतः तयार करते. येथे डेटा वाचतो, पण भार उपकरणावर पडतो आणि स्वस्त मोबाइलला तो पेलवत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे. प्रेक्षक जे पाहत आहे, तेवढेच पाठवायचे. मात्र चित्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत येत असल्याने कॅमेरा बदलताना विलंब होऊ शकतो. नेमका त्याच वेळी गडी बाद झाला, तर ही बचत प्रेक्षकाला महागात पडते.

अमेरिकेतील ‘यूट्यूब टीव्ही’ने २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. चार सामन्यांची चित्रणे कंपनीच्या सर्व्हरवरच एका चौकटीत जुळवून एकच चित्रण पाठवण्यात आले. साधा टीव्ही असलेल्यांनाही त्याचा लाभ झाला. परंतु कोणते सामने एकत्र दिसावेत, हे सुरुवातीला कंपनीच ठरवत होती.

प्रत्येक मार्गात काही तरी सोडावे लागते. कोठे उपकरणाची किंमत वाढते, कोठे वेग कमी होतो, तर कोठे निवडीचे स्वातंत्र्य जाते. आपल्याकडे बहुसंख्य प्रेक्षक मोबाइलवर आणि मोजक्या डेटावर सामने पाहतात. त्यांना एक मुख्य दृश्य आणि इच्छेनुसार दुसरे, ही व्यवस्थाच व्यवहार्य ठरेल. कॅमेरा निवडण्यापूर्वी त्यासाठी किती डेटा लागेल, हे पडद्यावर स्पष्टपणे दाखवणे कंपन्यांना अवघड नाही. खर्च प्रेक्षकाच्या खिशातून होणार असेल, तर त्याचा हिशेबही त्याला आधी कळायला हवा.