मामांची वही

वाण्याचे दुकान म्हटले, की गादी, तराजू आणि मागे लक्ष्मीची तसबीर असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या माझगावच्या दुकानात तसबीर होती ती मदर मेरीची, आणि तराजूमागे बसत ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थ. घरची बोली मराठीच. साऱ्या चाळीचे ते ‘मामा’.

1957 साली नवे पैसे आले. आण्याचे खरे तर सव्वासहा पैसे. पण कोष्टकात एका आण्याला 6, तर तीन आण्यांना 19. चाळीतल्या चतुर गृहिणींनी लगेच युक्ती काढली. तीन आण्यांची साखर हवी असली, की आम्हा पोरांना एकेक आण्याची आणावयास तीनदा पिटाळायचे. तेवढाच एक पैसा वाचे! दुसऱ्या खेपेलाच मामांनी ओळखले. म्हणाले, “आईला सांग, तीन आण्यांचे 18च घेईन. पोराचे पाय कशाला झिजवता?”

पहाटे मिस्सा आणि रात्री दुकानाच्या फळ्या लावल्यावर मामी व चार मुलांसह रोझरी, हा नेम कधी चुकला नाही. जप चालू असता गिऱ्हाइकाने थांबावे. मात्र कोणाचे मूल आजारी आहे असे कळले, तर माळ मनगटाला गुंडाळून मामा साबुदाणा मोजून देत. डिसेंबर 1964 मध्ये पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा सारे कुटुंब ओव्हल मैदानावर गेले. ऐन कामाच्या दिवशी दुकान बंद राहिलेले मला तेवढेच आठवते.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत आमचे थोरले बंधूही होते. इतरांनी उधारी आवरती घेतली, मामांची वही फुगत गेली. ईस्टरनंतर थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते, ते वर्षभर पुढे ढकलावे लागले. “पोरीचं लग्नसुद्धा उधारीत घातलंत!” मामी म्हणाल्या. मामांनी उत्तर दिले नाही. पण त्या रात्री रोझरीत त्यांचा एकट्याचाच आवाज ऐकू आला.

त्या दिवाळीतही संप चालूच होता. भाऊबीजेला आईने मामांना नेहमीप्रमाणे ओवाळले. मामांनी ताटात पाच रुपये टाकले आणि दुकानात जाऊन आमच्या खात्यावर निरांजनाचे तेलही मांडून ठेवले! आईला हसावे की रागवावे कळेना.

पुढे बंधूंना दुसरीकडे काम लागले. दरमहा 20 रुपये ते वहीवर भरू लागले आणि मामा ते मुकाट्याने घेऊ लागले. न राहवून एकदा मी विचारले, “मामा, एवढे सोसलेत, मग हे 20 रुपये तरी कशाला घेता?”

“नको म्हटलं, तर उद्यापासून तो दुसऱ्या गल्लीनं जाईल,” मामा म्हणाले.

बंधूंनी कधी गल्ली बदलली नाही. मामा गेले, तेव्हा शवपेटीला खांदा द्यावयास ते सर्वांच्या आधी पुढे झाले. वहीतील त्यांचे पान त्यापूर्वीच चुकते झाले होते.