गोफणीचा दगड आणि अ‍ॅस्ट्रोसॅट

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "काका, उपग्रह खाली पडत का नाही? त्याला तेल कोण घालतं?" आम्ही बी.कॉम., जमाखर्च जुळवणारे. उत्तर येईना. शाळेत विचारले तर "पाठ कर" म्हणाले, असे ती म्हणाली. मग आम्हीच आठवडाभर पुस्तके चाळली.

आपला अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. वजन सुमारे १५०० किलो, उंची ६५० किलोमीटर. क्ष-किरण आणि बरेचसे अतिनील किरण हवेत अडतात, म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. त्यातील उपकरणांच्या कामात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा आहे. हा उपग्रह पाच वर्षांसाठी बनविला होता, पण २०२० नंतरही काम करीत राहिला. (जालन्यावरून मात्र तो जात नाही, त्याची वाट विषुववृत्ताजवळून आहे.)

ज्वारी राखताना गोफण फिरवलेल्यांना हे लवकर कळेल. दोरी दगडाला आत ओढते म्हणून तो गोल फिरतो. दोरी सुटली की सरळ जातो. उपग्रहाची दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ. वर ओढ नसते हा गैरसमज आहे. ६५० किलोमीटरवरही ती जमिनीवरच्या सुमारे आठ दशांश असते. उपग्रह सारखा पडतच असतो! पण एका सेकंदात साडेसात किलोमीटर पुढे जातो, आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून जेमतेम चार मीटर खाली येतो. पृथ्वी गोल, तीही तेवढीच खाली वळते. म्हणून उंची तेवढीच राहते. या वेगाने जालन्याहून छत्रपती संभाजीनगर आठ-नऊ सेकंदांत येईल. एसटीला किती लागतो ते वाचकांना ठाऊक आहे.

तेलाचे म्हणाल तर हिशेब आमच्या ओळखीचा निघाला. रॉकेटने बरीच ऊर्जा वाटेत खर्च केली, उरलेली उंची आणि वेग या दोन खात्यांवर जमा झाली. तिथे हवा इतकी विरळ की ठेव फारशी झिजत नाही. उपकरणांना वीज सूर्याच्या उजेडातून मिळते.

वेगाच्या खात्याची एक गोष्ट घरोघर सांगावी अशी आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. तीसने जाणारी मोटारसायकल ब्रेक मारल्यावर जितक्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर साठच्या वेगाला लागते. रात्रपाळीला एमआयडीसीकडे धावणाऱ्या पोरांना हे कोणी सांगितलेले नसते.

हे सांगत होतो तेव्हा मुलीचे वडील दाराशी उभे होते. सळयांच्या कारखान्यातून थेट तिला न्यायला आलेले. चौपटचा हिशेब त्यांनी पुन्हा विचारून घेतला. मुलीला दहावीनंतर सायन्सला घालायचे नाही, शिकवणीची फी झेपत नाही, असे त्यांचे ठरलेले आहे. या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत.