नोंदवहीत नसलेला साठा

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील दोष जगभर गाजला. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहिलेला, आपल्या प्रणालीत तयार वापरला जाणारा आज्ञासंच. या दोषामुळे परक्याला दुरूनच आपल्या सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत. कस्तुरबा गांधी मार्गावरील आमच्या कार्यालयातून मी पुरवठादाराला एवढेच विचारले : ही लायब्ररी आपल्या प्रणालीत आहे काय, असल्यास कितवी आवृत्ती? अकरा दिवसांनी उत्तर आले, "सर्व अद्ययावत आहे."

म्हणजे यादीच नव्हती. सरकारी खुर्च्या-कपाटांची दरवर्षी प्रत्यक्ष पडताळणी होते. सामान्य वित्तीय नियमच तसे सांगतात. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मग कोट्यवधींच्या प्रणालीलाच सूट का?

हे काम अवघड असल्याचे सांगतात. ते मला मान्य नाही. विंडोजवर पायथॉन बसवला की सोबत ओपनएसएसएल आणि एसक्यूलाइट येतात. नंतर बसवलेल्या पॅकेजांची यादी 'पिप' देतो. तीत हे दोन अंगभूत घटक दिसत नाहीत आणि तेथेच फसगत होते. त्यांची आवृत्ती पायथॉनलाच वेगळी विचारावी लागते. त्याला दोन ओळी पुरतात. ओपनएसएसएल १.१.१ ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. जुना पायथॉन तसाच चालवणाऱ्या कार्यालयात ती आजही असू शकते.

व्यापारी गुपिताची सबबही पोकळ आहे. घटक सांगणे म्हणजे पाककृती सांगणे नव्हे. विक्रेत्याला मालाची प्रत जास्त ठाऊक असेल, तर चांगला माल बाजारातून हद्दपार होतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवले. त्यात आपण न्यूनतम दराची निविदा स्वीकारणार!

सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, जुलै २०२५ मध्ये ती विस्तारली. स्वागतार्ह आहे. परंतु मार्गदर्शनाने देयक अडत नाही, कंत्राटातील अटीने अडते. म्हणून आवृत्तीसह घटकसूची मिळाल्याशिवाय आणि दर सुधारणेसोबत ती नवी केल्याशिवाय देयक मंजूर करू नये, अशी अट प्रत्येक निविदेत हवी.

घरापासून दूर, बंगळुरूत वा न्यू जर्सीत हाच व्यवसाय करणारे माझे कित्येक वाचक आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षीय आदेशाने मे २०२१ मध्येच सरकारी खरेदीसाठी ही सूची पुढे आणली. तेथील ग्राहकाला जी यादी आपण निमूटपणे देता, ती उद्या दिल्लीने मागितली, तर तिला कृपया लालफीत म्हणू नका.