अकरावीचा फॉर्म भरण्याआधी : विषयनिवड, अंतिम परीक्षा आणि प्रवेश यांबाबतचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नंदुरबार
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, नंदुरबार व तळोदा

महोदय,

आम्ही जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतले पालक, इथल्याच शाळा-आश्रमशाळांतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आणि काही निवृत्त शिक्षक आहोत. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. तेव्हा कार्यालये जवळ आली, शाळाही वाढल्या. तरी दहावीच्या परीक्षेला बसणारे मूल हे घरातले पहिलेच, असे आजही पाड्यापाड्यावर दिसते. ही मुले दहावी पास होतात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या आयुष्याचा मोठा निर्णय होऊन जातो. तो निर्णय बहुतेक वेळा मूल घेतच नाही. एसटी कुठवर जाते, वसतिगृहात जागा कुठे आहे आणि फॉर्म भरून देणाऱ्याला काय सुचले, यांवर शाखा ठरते. आमचे म्हणणे इतकेच आहे, की विषयाची निवड मुलानेच करावी आणि ती करण्याइतकी माहिती व सोय त्याला वेळेवर मिळावी.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच भागांत होती. तिथल्या पालकांना तिची सवय आहे, आम्हाला नाही. या फॉर्ममध्ये महाविद्यालय आणि शाखा पसंतीक्रमाने भरायची असते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. मोलगी किंवा धडगावच्या बाजारात रांगेत उभे राहून, दुकानदाराच्या हातून फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीला हे कोणी सांगत नाही. तिचा पहिला पर्याय दुकानदाराच्या अंदाजाने भरला जातो आणि तोच तिला बांधून टाकतो.

दोन वर्षांनी त्याचे परिणाम दिसतात. विज्ञान घेतले पण गणित अवघड म्हणून सोडले, तर पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची सीईटी देता येत नाही. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि बी.एस्सी. नर्सिंग दोन्ही दारे बंद. कला शाखा घेतलेल्या मुलीला वाटते की आता रुग्णसेवेची वाट संपली. प्रत्यक्षात बारावी कला झालेली मुलगीही जीएनएम या परिचर्येच्या पदविकेसाठी अर्ज करू शकते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, हेही पुष्कळांना बारावी नापास झाल्यावर कळते. संधी तर आता जवळ आल्या आहेत : नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, कृषी सहायक अशी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखण्याच्या अधिसूचना राज्यपालांनी २०१४ पासून काढल्या आहेत. कृषी सहायकाच्या पदासाठी कृषीची पदविका किंवा पदवी लागते. ती पदवी घ्यायची तर अकरावीलाच विज्ञान हवे, हे सातपुड्यातल्या मुलाला अकरावीच्या आधी ठाऊक नसेल तर ती राखीव जागा त्याच्या काय कामाची?

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : दहावीच्या प्रत्येक वर्गात, आश्रमशाळा धरून, डिसेंबर संपण्याआधी विषयनिवडीचे मार्गदर्शन व्हावे. ते पालकांसमोर व्हावे आणि पावरी, भिली, मावची जिथे जी बोली असेल तिच्यात व्हावे. कोणता विषय घेतल्यावर कोणते शिक्षण आणि कोणती नोकरी मिळू शकते, कोणता सोडल्यावर काय हातचे जाते, याचा एक पानी तक्ता प्रत्येक मुलाच्या हातात द्यावा. अकरावीचा फॉर्म शाळेतच, शिक्षकाने मुलाशी व पालकाशी बोलून भरावा आणि त्याची छापील प्रत घरी द्यावी. जिथे नेटवर्क नाही तिथल्या शाळांसाठी तालुक्याच्या ठिकाणी दिवस नेमून द्यावेत.

पण नुसती माहिती देऊन भागणार नाही. डोंगरातल्या मुलाला विज्ञान घ्यायचे असेल तर त्याला चांदसैली किंवा देवगोई घाट उतरून खाली यावे लागते आणि खाली राहायला जागा लागते. पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेचे पैसे बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांना मिळतात; अकरावीच्या मुलाला राहण्यासाठी वसतिगृहाशिवाय आधार नाही. तेव्हा अक्राणी व अक्कलकुव्यातल्या आश्रमशाळांत विज्ञानाच्या तुकड्या वाढवाव्यात आणि प्रयोगशाळा खरोखर चालू ठेवाव्यात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ज्याने परीक्षानळी कधी हातात धरली नाही, त्याला ते गुण मिळाले तरी पुढे त्याच विषयात त्याची फजिती होते. तालुक्याच्या वसतिगृहांत अकरावी-बारावी विज्ञानासाठी जागा राखून ठेवाव्यात आणि दहावीचा निकाल लागताच त्या जाहीर व्हाव्यात.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी आणि अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत, अशा तीन पायऱ्या ही मुले चढतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण ती भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. सीईटीत गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. त्यामुळे अकरावीच्या पहिल्या महिन्यात भाषेचा पूर्ववर्ग घ्यावा आणि विज्ञान-गणितातल्या संज्ञा इंग्रजीत व मराठीत शेजारी शेजारी असलेली पुस्तिका द्यावी. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, हा समज शिक्षकांनीही सोडावा. सीईटीचे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात आणि नीटमध्ये अकरावीचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. सीईटी संगणकावर द्यायची असते. परीक्षेच्या दिवशी माउस पहिल्यांदा हाती येऊ नये, म्हणून प्रत्येक केंद्र शाळेत निदान चार सराव चाचण्या संगणकावर घ्याव्यात.

परीक्षेचा काळ आमच्याकडे ऊसतोडीचा काळ असतो. दिवाळीनंतर कुटुंबे गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, फेब्रुवारी-मार्चला परतलेली नसतात. हंगामी वसतिगृहाची सोय लहान वर्गांपुरती आहे. ती दहावी व बारावीपर्यंत वाढवावी. मागे राहिलेली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळत अभ्यास करते, तिच्यासाठी ही मागणी आहे. नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षेसाठी मे-जूनमध्ये शाळेतच वर्ग द्यावेत. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांनाही त्यांत येऊ द्यावे.

राहिला कागदांचा प्रश्न. आधारचा पहिला क्रमांक २०१० मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिला गेला, तरी आज आमच्या मुलांचे आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही आणि अर्ज अडतो. नवव्या इयत्तेतच शाळेत शिबिर घेऊन ही तफावत दूर करावी. जमातीच्या वैधता प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत आणि ज्यांची गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, त्यांनी तो कुठून आणावा? महसूल, वन आणि पुनर्वसनाच्या जुन्या नोंदी कार्यालयाने स्वतः शोधून द्याव्यात. प्रस्ताव अकरावीतच घ्यावेत आणि बारावीचा निकाल लागण्याआधी त्यांवर निर्णय व्हावा.

या मागण्यांपैकी ज्या जिल्हास्तरावर पूर्ण होऊ शकतात त्यांचे लेखी वेळापत्रक आम्हाला तीस दिवसांत मिळावे आणि ज्या मंत्रालयाकडे पाठवायच्या त्यांच्या पत्राची प्रत आम्हाला द्यावी. चर्चेसाठी बैठक धडगाव किंवा मोलगी येथे, बाजाराच्या दिवशी घ्यावी, म्हणजे पालकांना मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागणार नाही. पहिल्या बैठकीत चालू वर्षाच्या दहावीच्या मार्गदर्शनाच्या तारखा ठरवाव्यात.

आपले नम्र,
पालक, माजी विद्यार्थी व निवृत्त शिक्षक,
नंदुरबार जिल्हा