जुन्या कृष्णधवल फोटोची नवी प्रिंट हिरवट का दिसते?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेला धम्मदीक्षेचा सोहळा आपल्यापैकी बहुतेकांना कृष्णधवल फोटोंमधूनच माहीत आहे. त्याच काळातले आजी-आजोबांचे फोटोही अनेक घरांत आहेत. पण असा फोटो स्कॅन करून नवी प्रिंट काढली, की ती कधी हिरवट दिसते, कधी जांभळट. असं का होतं?

जुन्या फोटोत शाई नसतेच. कागदावरच्या जिलेटिनच्या थरातले चांदीचे बारीक कण काळा आणि करडा रंग दाखवतात. साधा इंकजेट प्रिंटर मात्र करडा रंग बनवायला निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळतो. मिश्रण जरा चुकलं की रंगाची झाक उतरते. तीच प्रिंट ट्यूबलाइटखाली एक दिसते आणि उन्हात दुसरी. यावर तोडगा म्हणून एप्सनने २००५ मध्ये काळ्याच्या तीन छटा असलेली शाई आणली. आज चांगल्या फोटो प्रिंटरमध्ये करड्या शाया वेगळ्या असतात.

मग डार्करूमवाल्यांचं कसब संपलं का? त्यातलं अर्धं संपलं, आणि ते गेलं याचं फार दुःख करायला नको. डेव्हलपरला साधारण २० अंश तापमान लागतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे बर्फाशिवाय काम अशक्य. हायपो नीट धुतला गेला नाही, तर काही वर्षांत फोटो पिवळा पडायचा. शिवाय ‘इंदू’ नावाने फिल्म आणि कागद बनवणारा उटीचा सरकारी कारखानाही आता बंद आहे.

उरलेलं अर्धं कसब नजरेचं. एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचा, आभाळाला चार सेकंद जास्त प्रकाश द्यायचा, हे ठरवणारी नजर. फोटोशॉपमध्ये त्यासाठी आजही ‘डॉज’ आणि ‘बर्न’ हीच नावं आहेत. पण घाईत ‘ऑटो’ बटण दाबलं जातं आणि सावळ्या चेहऱ्यावरच्या छटा पुसल्या जातात. सावळा माणूस गोरा करून देणं ही ‘दुरुस्ती’ नव्हे, मूळ फोटोत केलेला तो फेरफार आहे.

त्यामुळे प्रिंट काढताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: शाई डाय आहे की पिगमेंट? करडी शाई वेगळी आहे का? डाय शाई उजेडात लवकर उडते, पिगमेंट जास्त टिकते. पहिली प्रिंट दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा.

आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह फेकू नका. पुढे यापेक्षा चांगला स्कॅनर आला, तर तीच लागेल. तोवर ती कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवा. विदर्भातल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या निगेटिव्हला बुरशी लागू शकते.